गिरवलेली रेघ

१

ऑफिसात तिला सगळे सूरवाली म्हणायचे. गाण्याशी तिचा संबंध इतकाच, की ती गुणगुणायला लागली की शेजारच्या टेबलावर सर्किट बोर्ड आखणारा बोर्डवाला कानांत बोटं घालायचा. पण तिचं काम ट्यूनिंगचं, आणि ट्यूनिंग म्हटल्यावर सूर लावणं आलंच, असं कुणीतरी एकदा म्हणालं आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

काम सांगायला सोपं होतं. छपरावरच्या सोलर पॅनेलमधून येणारी वीज सरळ असते आणि रस्त्यावरच्या तारांमधली लाटेसारखी वरखाली होणारी. मधे एक खोकं बसवायचं, इन्व्हर्टर नावाचं, आणि त्याने सरळ विजेची लाट करून तारांमध्ये सोडायची. मात्र ती ग्रिडच्या, म्हणजे तारांच्या सगळ्या जाळ्याच्या, लाटेशी तंतोतंत जुळवून सोडायची. जरा मागेपुढे झालं की खोकं जळालंच म्हणून समजा. नवीन येणाऱ्यांना ती सांगायची, "ग्रिडचं एक अक्षर असतं. आपल्या खोक्याने ते फक्त गिरवायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

हे गिरवून घेणारा एक कंट्रोलर खोक्याच्या आत असायचा. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, यातली चूक तो सारखा बघत राहायचा आणि दुरुस्त करत राहायचा. त्याला दोन आकडे द्यावे लागत. पहिला आकडा आत्ताच्या चुकीवर खेकसायचा. दुसरा आजवरच्या सगळ्या चुका मनात साठवून ठेवायचा आणि सावकाश उट्टं काढायचा. पहिला म्हणजे बाबा आणि दुसरा म्हणजे आई, असं सूरवालीने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. पहिला फार वाढवला की घर दणाणतं, दुसरा फार वाढवला की जुनी भांडणं नव्याने सुरू होतात. दोन्ही बेताचे ठेवले तर संसार चालतो. हा बेत शोधणं म्हणजे ट्यूनिंग.

आणि हे सगळं कॉम्प्युटरवर. खोकं अजून तयार व्हायचं होतं. मॉडेलमधलं पॅनेल खोटं, ऊन खोटं, तारा खोट्या, आणि ग्रिड तर अगदीच आदर्श: काही झालं तरी न हलणारं, कुणाचं न ऐकणारं. ती सकाळी आकडे बदलायची, मॉडेल चालवायची, चहा आणायला जायची, तोवर पडद्यावर दोन रेघा उमटायच्या. निळी ग्रिडची, लाल खोक्याची. लाल निळीवर बसली की दिवस कारणी लागला.

त्या दिवशी लाल रेघ थरथरत होती. फार नाही, मोठी करून पाहिली तरच दिसेल इतकी. आकडे चुकले असतील म्हणून तिने आदल्या दिवशीचे घातले. थरथर तशीच. गणितातली वेळेची पावलं बारीक करून पाहिली, तरी तशीच. खऱ्या तारांवर मोटारींची, लिफ्टची, गिरण्यांची जी खडखड असते तो गोंगाट तिने मॉडेलमध्ये अजून घातलाच नव्हता. ग्रिड हलत नाही, गोंगाट शून्य, मग कापतंय कोण?

"मॉडेलला थंडी भरलीय," बोर्डवाला डोकावून म्हणाला. "पांघरूण घाल."

तिने हसण्यावारी नेलं. पण घरी जाताना बसमध्ये ती थरथर तिच्या डोक्यातून जाईना. ती ओळखीची वाटत होती. रेघ ओळखीची कशी वाटेल हे तिला कळत नव्हतं, आणि न कळणारी गोष्ट तिला मुळीच खपत नसे.

२

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीतल्या डब्यात बाबांचे ब्रश उभे असायचे. आई अधूनमधून त्यांच्यावरची धूळ झटकायची आणि परत तसेच ठेवायची. बाबा पाट्या रंगवायचे. जुन्या बाजारातल्या निम्म्या दुकानांवर अजून त्यांचंच अक्षर होतं आणि ते 'र'वरून लांबूनही ओळखू यायचं. बाबांच्या 'र'चा पाय शेवटी किंचित वर उडायचा, लाथ मारल्यासारखा. गिऱ्हाईक कुरकुरलं की ते म्हणायचे, "सरळ र हवा असेल तर छापखान्यात जा."

सूरवाली अक्षरं शिकली ती त्यांच्याच मांडीवर बसून. तिच्या मुठीत खडू आणि तिच्या मुठीवर बाबांची मूठ. "हात सैल सोड. मी नेतो तसा जाऊ दे." गिरवून झालं की पाटीवर बाबांचा उडता 'र' उमटलेला असायचा, आणि लिहिलेला असायचा मात्र तिने, याची तिला तेव्हा फार गंमत वाटायची.

गेली काही वर्षं बाबांचा उजवा हात कापत होता. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, गोळ्या बदलल्या. हात काही थांबला नाही. ब्रश सुटला तसे बाबा आधी चिडके झाले आणि मग गप्प झाले. घरात त्यांचा एकच आवाज उरला होता, चहाच्या चमच्याचा. आई कप अर्धाच भरायची, तरी ढवळताना चमचा कडेला लागत राहायचा. किण किण किण किण.

त्या संध्याकाळी तो आवाज ऐकता ऐकता सूरवाली खांद्यावरची बॅग न काढता तशीच उभी राहिली. ताल तोच होता. चार-पाच घाईचे ठोके, मधेच एक लांबलेला, मग पुन्हा घाई.

"अशी काय बघतेस त्यांच्याकडे?" आई म्हणाली. "आजच आलेत का ते या घरात?"

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला आणि तो इतका बावळट निघाला की ती एकटीच मोठ्याने हसली. डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं, मोबाइल मनगटाला बांधा आणि कंप मोजून आणा. ते मोजमाप तिने घरच्या लॅपटॉपवर ठेवलं होतं, फाइलचं नाव 'थरथर'. ऑफिसच्या मॉडेलमध्ये गोंगाटासाठी तिने एक रिकामी फाइल करून ठेवली होती आणि तिलाही, सवयीने, नाव दिलं होतं 'थरथर'. घरचं आणि ऑफिसचं फोल्डर आपोआप एकसारखं राहावं ही सोयही तिचीच. रिकामी फाइल गेली, भरलेली तिच्या जागी येऊन बसली. तिच्या खोट्या ग्रिडमध्ये बाबांचा हात कापत होता.

तिने हे बोर्डवाल्याला सांगितलं, तेवढ्यात मागून साहेब आले. साहेबांना सगळं शून्य लागायचं: चूक शून्य, उशीर शून्य, आणि पगारवाढही जमेल तितकी शून्याच्या जवळ.

"राहू दे ती फाइल," साहेब म्हणाले. "इतका लहरी गोंगाट विकत मिळत नाही. याला जो कंट्रोलर गप्प करेल तो कुणालाही गप्प करेल."

३

गप्प करायला तिला आठवडाभर झगडावं लागलं. आकडे वाढवले की रेघ पिसाळायची, कमी केले की थरथर वर यायची. बाबांच्या हातासारखीच हट्टी होती ती. पण सूरवालीने ती सोडली नाही. खरं सांगायचं तर तिला सूड उगवल्यासारखं वाटत होतं. ज्या थरथरीने बाबांचा ब्रश हिरावून घेतला ती निदान पडद्यावर तरी तिच्या तावडीत सापडली होती.

आणि एका दुपारी ती गेली. लाल रेघ निळीवर अशी बसली की लाल दिसेचना. चूक शून्य.

"दोन रेघा अशा एकमेकींवर बसल्या ना," बोर्डवाला म्हणाला, "की कोण कोणाला गिरवतंय ते मला विचारू नकोस."

संध्याकाळी दार उघडून आत शिरताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चपला काढून झाल्यावर कळलं की चमचा वाजत नव्हता. ती धावत आत गेली तर बाबा टेबलाशी बसून चहा पीत होते. कप काठोकाठ भरलेला होता आणि बशीत थेंबसुद्धा सांडलेला नव्हता. आई ओट्याला टेकून डोळे पुसत होती.

"दुपारपासून असंच आहे," आई कुजबुजली. "बोलू नकोस काही. दृष्ट लागेल."

डॉक्टरांनी नव्या गोळीला श्रेय दिलं. "प्रकृती एकदम स्थिर आहे," ते म्हणाले. सूरवालीने ते आनंदाने मानलं. ऑफिसातल्या रेघेचा आणि घरातल्या हाताचा काही संबंध असेल असं मनात येणंसुद्धा तिच्यासारख्या बाईला शोभणारं नव्हतं. ती न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडली, इतकी ती सुखावली होती.

दोन दिवसांनी बाबांनी ब्रशचा डबा मागितला. खालच्या पंक्चरवाल्याची पाटी उन्हाने उडून गेली होती. ती त्यांनी एका सकाळीत रंगवून दिली.

४

"वा," पंक्चरवाला म्हणाला, "एकदम छापल्यासारखी."

सूरवाली ऑफिसला निघताना पाटीसमोर थांबली. 'येथे पंक्चर काढून मिळेल.' अक्षरं सुरेख होती, एका उंचीची, एका जाडीची. 'पंक्चर'मधल्या 'र'चा पाय सरळ खाली आला होता आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला होता.

संध्याकाळी तिने आईला विचारलं, "बाबांचा र पाहिलास?"

"पाहिला." आईने ओटा पुसायला घेतला. "हात ह्यांचाच आहे गं. अक्षर ह्यांचं नाही. पण हात तरी परत मिळालाय ना? तू उगाच काही खुसपट काढू नकोस."

खुसपट काढायला जागाच नव्हती. बाबा चिडत नव्हते. वाढाल तेवढं जेवत होते. फिरायला चला म्हटलं की उठत होते, बसा म्हटलं की बसत होते. घरात इतकी शांतता यापूर्वी कधी नव्हती आणि त्या शांततेत सूरवालीला घरी यावंसं वाटेनासं झालं.

एकदा ती त्यांच्यासमोर चहा घेऊन बसली. तिने चमचा फिरवला, बाबांनी फिरवला. तिने कप उचलला, बाबांनी उचलला. योगायोग म्हणून तिने कप हवेतच धरून ठेवला. त्यांचाही हवेत राहिला.

"काय पोरखेळ चाललाय दोघांचा," आई हसून म्हणाली.

कप ठेवून ती गॅलरीत गेली. फरशीवर एकाच माणसाची पावलं वाजली, तिची. वळून पाहते तर बाबा हातभर अंतरावर उभे. तिच्या प्रत्येक पावलावर त्यांचं पाऊल पडलं होतं, इतकं नेमकं की दुसरा आवाज झालाच नव्हता.

म्हातारी माणसं लहान मुलांसारखी होतात, ती स्वतःला म्हणाली. मग खात्री करून घ्यावी म्हणून तिने श्वास रोखला. बाबांची छाती थांबली. ती त्यांच्याकडे बघत राहिली, ते तिच्याकडे. छातीत कळ आली तेव्हा श्वास सुटला आणि दोघंही धापा टाकू लागले. आधी कुणाचा सुटला हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी, अर्थात कामाची शिस्त म्हणून, तिने बाबांची फाइल मॉडेलमधून काढून टाकली. घरी काहीच बदललं नाही. बाबांचा हात तसाच निवांत होता. म्हणजे संबंध नव्हता. तिला हायसं वाटलं आणि हायसं वाटण्याइतके आपण घाबरलो होतो याची लाजही वाटली.

५

नंतर बाबांनी ती रेघ काढली. जुन्या खोक्याचा पुठ्ठा पसरून, निळ्या रंगात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लाट, तिच्यापुढे लाट, तिच्यापुढे लाट. ब्रश कुठे टेकवला आणि कुठे उचलला ते दिसत नव्हतं. उजवीकडच्या एका लाटेचा माथा मात्र खचलेला होता. पुढच्या दोन लाटा थोड्या थोड्या वर येत पुन्हा जागेवर आल्या होत्या.

"हे काय काढलंत बाबा?"

"रेघ," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ढगाची चाचणी मागितली. सूर्यावर अचानक ढग आला, ऊन निम्म्यावर आलं, तर खोकं सावरतं का? सूरवालीने ढग कधी आणायचा तो क्षण मनाला येईल तसा टाकला. मॉडेल चाललं. लाल रेघ एका ठिकाणी खचली आणि पुढच्या दोन लाटांत सावरली.

ती पडद्याकडे बघत बसली. मग तिने आईला फोन करून पुठ्ठ्याचा फोटो मागवला आणि लाटा मोजल्या. पडद्यावरच्या मोजल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. खचलेली लाट दोन्हीकडे तीच होती.

"बघू काय ते," बोर्डवाल्याने मान घातली. "आपलाच आलेख की. हाताने काढलास? तुला घरी काही उद्योग नाही वाटतं?"

"बाबांनी काढलाय."

"झकास जमलाय. आजचा ना हा?"

"हो," सूरवाली म्हणाली. कालचा म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

साहेब खूश झाले. सोमवारी सकाळी आकडे गोठवायचे असं त्यांनी जाहीर केलं. गोठवायचे म्हणजे कारखान्याकडे धाडायचे. तिथे ते प्रत्येक खोक्याच्या चिपमध्ये पक्के बसणार आणि खोकी छपराछपरावर चढणार. त्यानंतर त्यांना कुणी हात लावू शकणार नव्हतं, अगदी सूरवालीसुद्धा.

६

रविवारी दुपारी आई आत पडली होती. टेबलावर ऊन आलं होतं. सूरवाली बाबांच्या समोर मुद्दाम हात मांडीवर ठेवून बसली होती, कारण काही केलं की ते तेच करत आणि ते तिला आताशा पाहवत नव्हतं.

किण.

तिने मान वर केली. किण किण किण किण. बाबांच्या हातातला चमचा कपावर आपटत होता. चहा हिंदकळला, टेबलावर सांडला, कडेवरून ओघळला. बाबांचा चेहरा वाकडातिकडा झाला, कपाळाला आठ्या पडल्या, आणि त्या आठ्यांखालून त्यांचे स्वतःचे, जुने, चिडके डोळे तिच्याकडे बघत होते.

"पोरी," ते म्हणाले. कितीतरी दिवसांत त्यांनी तिला हाक मारली नव्हती. "सांग त्याला सोडायला."

"कुणाला बाबा?"

"हात धरून बसलाय माझा. मूठ आवळलीय नुसती. गिरवून घेतोय." त्यांनी कापणारा हात दुसऱ्या हाताने छातीशी धरला, रस्त्यात हरवलेलं मूल सापडल्यावर धरावं तसा. "मीच सैल सोडला गं. मला वाटलं, तूच आहेस."

ती उठून त्यांच्याजवळ गेली. आवाज ऐकून आई दारात आली होती. "बाबा, कोण आहे? कोण धरतंय?"

"त्याला अक्षर..." बाबा म्हणाले आणि वाक्य तिथेच राहिलं. चमचा थांबला. कपाळावरच्या आठ्या एकेक करून पुसल्या गेल्या. त्यांनी मान वळवली ती बरोबर तिच्या मानेइतकी.

टेबलावरचा फोन वाजला. बोर्डवाला होता.

"सुटीच्या दिवशी त्रास देतोय. अहवालात आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आलेख हवेत म्हणाले साहेब. म्हणून मॉडेलमध्ये तुझे जुने आकडे घालून बघत होतो."

"कधी?"

"आत्ता हेच. झालं, परत नवे घातलेत. घाबरू नकोस, काही बिघडवलं नाही."

ती फोन हातात धरून उभी राहिली. फाइलचा संबंध नव्हता हे बरोबरच होतं. फाइल ही नुसती बाबांची थरथर होती. त्यांना धरून ठेवलं होतं ते तिने शोधलेल्या आकड्यांनी. यावर बुद्धीला पटेल असं काहीतरी उत्तर असणार, आणि ते शोधायला तिला एरवी आवडलं असतं. आता तिला फक्त बाबा परत हवे होते.

"आई," ती म्हणाली, "बाबांचा हात पुन्हा कापायला लागला तर चालेल तुला?"

आईने का म्हणून विचारलं नाही. ती सांडलेला चहा पुसत होती. "कापू दे," ती म्हणाली. "भांडायला तरी कुणी असेल घरात."

७

सोमवारी सूरवाली सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. खिडक्यांचे पडदे वर केले. छतावरच्या ट्यूब नेहमीसारख्या बारीक आवाजात गुणगुणत होत्या. तो आवाज ग्रिडचा असतो हे तिला माहीत होतं. इतकी वर्षं तिने त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

तिने मॉडेल उघडलं. जुने आकडे तिला तोंडपाठ होते. ते घालायचे, जपून ठेवायचे, साहेबांना तेच गोठवायला द्यायचे. नोकरी गेली तर गेली. फोन स्पीकरवर टाकून तिने कीबोर्डच्या बाजूला ठेवला.

"आई, बाबांजवळ बस. ते काय करतात ते मला सांगत राहा."

"बसलेय. गॅलरीत आहेत," आईचा आवाज आला. "पुठ्ठा मांडीवर घेतलाय. बोटं चालवतायत त्याच्यावर."

"कशी?"

"तू लॅपटॉपवर चालवतेस तशी."

सूरवालीने पहिल्या चौकटीतला आकडा पुसला. जुना आकडा टाइप करायला घेतला.

"आता थांबले," आई म्हणाली.

सूरवालीने खाली पाहिलं. तिची बोटं आईच्या शब्दाबरोबरच थांबली होती. थांबायचं असं तिने ठरवलं नव्हतं. आणि तशा अवस्थेतही तिच्या डोक्याने सवयीने हिशोब केलाच: आईला दिसणार, मग ती बोलणार, मग फोनवरून आवाज येणार, या सगळ्याला वेळ लागतो. म्हणजे बाबा तिच्या आधी थांबले होते. गिरवणारा नेहमी किंचित मागे असतो. पुढे असतो तो नेणाऱ्याच्या बाजूचा.

तिने बोट दाबायचा प्रयत्न केला. हात जड झाला नव्हता, बधिर झाला नव्हता, दुखतही नव्हता. उलट उबदार होता. लहानपणी मांडीवर बसून लिहिताना असायचा तसा. हाताच्या पाठीवरची कातडी चार ठिकाणी किंचित दबलेली होती आणि अंगठ्याच्या बाजूला आणखी एका ठिकाणी.

सैल सोडायचा नाही, ती स्वतःला म्हणाली. काही झालं तरी हात सैल सोडायचा नाही. तिने दात आवळले, मनगट ताठ केलं. मनगट हळूच, न दुखवता, वळवलं गेलं.

"अगं, पुन्हा चालायला लागली बोटं," आई म्हणाली.

चौकटीत आकडे उमटत होते. ते नवेच होते, काल होते तेच, एकही अंक इकडचा तिकडे नाही. तिच्याच बोटांनी ते टाइप केले, जपून ठेवले, आणि कारखान्याकडे जाणाऱ्या निरोपाला जोडले. ती नुसती बघत होती. भीती वाटत होती, पण श्वास मात्र संथ चालला होता, आणि तो श्वास कुणाचा हे तिला आता विचारावंसं वाटत नव्हतं.

"ऐकतेस ना?" आई फोनमध्ये म्हणत होती. "बोल की काहीतरी. येतील ना परत ते? ए, बोल ना."

एव्हाना ऑफिसात आलेल्या साहेबांनी टेबलाच्या कडेवर कोपर टेकवलं. "झालं?" त्यांनी विचारलं.

फोनमधून बाबांचा आवाज आला, शांत, छापल्यासारखा.

"झालं."

मग सूरवालीने स्वतःला बोलताना ऐकलं.

"झालं."